उताराच्या सायकलला मोटर

याव्रच डोंगरावरचा रोपवे बंद पडला, त्याच्या पुढच्या वसंतात पोलोना तिची सायकल घेऊन माझ्या अंगणात आली. मी बटाटे लावत होतो. सायकलवर बसून नव्हती आली, ढकलत आणली होती. उताराच्या सायकलवर बसून सपाट रस्त्यानंसुद्धा कोणी लांब जात नाही. पुढच्या चाकाचे दोन पाय मोटरसायकलसारखे जाड, सीट गुडघ्याइतकी खाली, टायर रुंद, आणि गिअर असे की समोर चढ दिसला की मुकाट उतरून चालायला लागावं. ही जात एकाच कामासाठी बनवलेली असते, वरून खाली. वर न्यायचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं.

आमच्याकडे ते दुसरं कोणीतरी म्हणजे मी. खालच्या ठाण्यावर उभं राहून मी केस पांढरे केले. हिवाळ्यात स्कीवाले, उन्हाळ्यात सायकलवाले. खुर्ची वळून आली की तिच्या पाठीमागच्या आकड्याला सायकल अडकवायची, माणूस बसवायचा, दांडा खाली ओढायचा, पुढची खुर्ची. मोटर बिघडली तर ती उघडायची. मग बर्फ पडेनासा झाला. लागोपाठ दोन हिवाळे डोंगर तपकिरीच राहिला. त्यात केबल बदलायची वेळ आली आणि मालकांनी हात वर केले. खुर्च्या अजून तारेवर लटकतायत. वारा सुटला की हलतात.

पोलोनाला मी तिचे दुधाचे दात पडायच्या वयापासून ओळखतो. तेव्हापासून ती या डोंगरावरून सायकल घेऊन खाली उड्या मारते. तरुणपणी शर्यती जिंकली, मग गुडघा मोडला, आता चाळिशीला टेकलीय आणि गावात कवळ्या बनवते. माझी वरची कवळी तिच्याच हातची आहे. चावायला उत्तम.

"काका, तुम्ही मोटरवाले ना?" तिनं कुंपणापलीकडूनच विचारलं.

"होतो."

"मग हिला मोटर लावा."

मी कुदळ ठेवली. "बॅटरीच्या सायकली दुकानात मिळतात की. मार्येताच्या मैत्रिणी त्यावर बसून चर्चला जातात."

"त्या ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर मदत सोडतात. मला मदत नको, वेग हवाय. आणि सायकल हीच हवी. दुसरीवर माझा भरवसा नाही."

मार्येता, माझी बायको, खिडकीतून ऐकत होती. "लाव बाई त्याला कामाला," ती पोलोनाला म्हणाली, "नाहीतर हा माझं वॉशिंग मशीन परत खोलेल. त्यात काही बिघडलेलं नाहीये, तरी."

असं ते ठरलं.

मोटर पार्सलनं आली. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी, गोल, आपल्या घरातल्या मोठ्या पातेल्याएवढी आणि उचलायला जात्यासारखी जड. रोपवेची मोटर माझ्या स्वयंपाकघरात मावली नसती, म्हणून आधी मला ही खेळण्यासारखी वाटली. पण तारांची जाडी पाहिली आणि हसू आवरलं. सायकलची रिम एवढं वजन सोसणार नाही हे उघड होतं. मी मोपेडची रिम आणली आणि जाड तारा घालून चाक स्वतः विणलं.

बॅटरीचं काम पोलोनानं घेतलं. कवळ्यांच्या कारखान्यात तिच्याकडे एक लहानसं यंत्र आहे, दात सरळ करायच्या तारा विजेच्या ठिणगीनं जोडायचं. त्याच यंत्रानं ती बोटाएवढ्या सेलना निकेलच्या पट्ट्या जोडायला लागली. मी एकदा बघायला गेलो. समोर कोणाचेतरी प्लास्टरचे दात ठेवलेले, बाजूला सेलच्या रांगा, डोळ्याला भिंग. प्रत्येक जोड ती चिमट्यानं ओढून बघायची. निघाला तर सेल बाजूला.

"गिऱ्हाइकांचे दात कधी देणार?" मी विचारलं.

"सूप पितील आठवडाभर."

सायकलच्या सांगाड्यात मधे शॉकअप असतो, त्यामुळे बॅटरीला सरळ चौकोनी जागा मिळेना. मी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता असा डबा केला. दिसायला तो फुगलेल्या बोक्यासारखा झाला. पण बसला, आणि शॉकअप पूर्ण दाबला तरी कुठं घासत नव्हता.

पहिल्यांदा चालवून बघायला आम्ही रोपवेच्या रिकाम्या गाडीतळावर गेलो. पोलोनानं मूठ जेमतेम पिळली. कड्डकन आवाज झाला, सायकल हातभर पुढं सरकली आणि मेली. जळक्या रबराचा वास. मी खाली वाकून बघितलं आणि माझा चेहरा पडला. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तिचा आस मागं फिरायला बघतो. तो फिरू नये म्हणून त्याला पोलादी पट्टीनं सांगाड्याला जखडावं लागतं. मी पट्टी लावली होती, पण बारीक. आस त्या पट्टीसकट फिरला होता आणि आतून येणाऱ्या तारा धुण्यासारख्या पिळून टाकल्या होत्या.

"एवढी ताकद?" मी म्हणालो.

"मी जेमतेम पिळली हो," पोलोना म्हणाली. आणि हसायला लागली. मला मात्र लाज वाटली. एवढी वर्षं माणसं वर नेली, कधी पट्टी चुकली नव्हती.

मोटर उघडून तारा नव्या घातल्या. पट्ट्या या वेळी दोन, दोन्ही बाजूंना, बोटभर जाडीच्या. सांगाड्याला भोक न पाडता पट्टे आवळून बसवल्या, कारण पोलोना म्हणाली, सायकलला भोक पाडाल तर तुमच्या कवळीला पाडीन.

दुसऱ्या वेळी ती गेली. लाकडाच्या गिरणीकडचा रस्ता सरळ आहे आणि रविवारी तिकडे कोणी नसतं. ती निघाली आणि मी श्वास घ्यायच्या आत लहान झाली. आवाज असा नाहीच. टायरची सळसळ आणि त्यामागं एक बारीक गुणगुण, बस. परत आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती?"

"ऐंशीच्या पुढं. मग काट्याकडे बघायची छाती झाली नाही."

मग मीही बसलो. खोटं कशाला बोलू, पन्नासाला माझी पाचावर धारण बसली. पण उतरल्यावर सायकल पोलोनाला परत द्यावीशी वाटेना. त्या रात्री मार्येताला म्हणालो, मी साठीचा आहे असं आज वाटलं नाही. ती म्हणाली, उद्या सकाळी वाटेल. वाटलं.

जूनमध्ये पोलोना डोंगरावर जायला लागली. रोपवेच्या खांबांशेजारून एक कच्चा रस्ता वर जातो, खडी टाकलेला. तो माझ्या मेहुण्याचा, हुबर्टचा. कुरणं त्याची, जंगलही त्याचं. वरच्या ठाण्याजवळची लाकडी खोपीही त्याचीच. रोपवे होता तेव्हा तिथं सायकलवाली पोरं चिखलानं भरलेली बाकांवर बसायची आणि हुबर्ट त्यांच्यापुढं विरजलेलं दूध आणि मक्याच्या उकडीचा ढीग ठेवायचा. उन्हाळाभर चूल विझायची नाही.

खुर्चीनं वर पोचायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात पोलोना पोचायची. पण खाली उतरून आली की गप्प. दोन-तीनदा असं झालं तेव्हा मी विचारलं.

"काही नाही."

"मोटर तापते का?"

"मोटर छान आहे, काका. मोटरला काही म्हणू नका." मग जरा वेळानं म्हणाली, "पण सायकलला आता खाली येता येत नाहीये. मागचं चाक दगडासारखं आहे. उडी मारली की पुढून हवेत जाते आणि मागून धप्प. वळणावर ढकलत नेते मला. माझी सायकल अशी नव्हती. हलकी होती, विचार केला की वळायची."

"मग काढून टाकू."

"नको," ती पटकन म्हणाली. "वर जायला मजा येते."

तेच खरं होतं. उतरायसाठी वर जायचं होतं, आता ती वर जायसाठीच जात होती. रोज थोडी जास्त वेगानं. मला कळत होतं, आणि मी बोललो नाही, कारण परत आल्यावर ती काटा दाखवायची तेव्हा मलाही बरं वाटायचं.

तो दिवस सांगतो. मोटर चढावर किती तापते ते मला हात लावून बघायचं होतं. म्हणून मी हुबर्टच्या गोठ्याजवळच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. पोलोनानं खालून यायचं आणि माझ्यापाशी थांबायचं. मी उभा होतो तेवढ्यात वरच्या कुरणाचं फाटक उघडून हुबर्ट त्याच्या कालवडी रस्ता ओलांडून दुसरीकडे न्यायला लागला. मला बघून त्यानं काठी उंचावली. मीही हात केला. कालवडी रस्त्याच्या मधोमध होत्या आणि माझ्या एकदम लक्षात आलं की खालून काहीच ऐकू येत नाहीये. ऐकू येणारच नव्हतं.

मी ओरडत खाली पळालो. पोलोना वळणावर आली ती साठाच्या वेगानं. तिनं मला बघितलं, गुरं बघितली, दोन्ही ब्रेक दाबले. पुढचं चाक धरलं, पण मागचा सगळा बोजा सरकत आला आणि सायकल आडवी होऊन खडीवरून घसरत गेली. कोणाला लागली नाही. पण कालवडी बिथरल्या. बाकीच्या वर पळाल्या, एक लाल पांढऱ्या तोंडाची मात्र खालच्या बाजूला उडाली, बांधावरून, जिथं रस्ता माणसाच्या उंचीइतका भरावावर आहे.

पोलोनाचं कोपर सोलून निघालं होतं. ती उठली आणि सायकलकडे न बघता बांधावरून खाली उतरली. कालवड उठायला बघत होती आणि पुढचा पाय भलत्याच ठिकाणी वाकत होता. हुबर्ट आला, तिच्या मानेवर हात ठेवून बसला. ती गाभण होती, पहिलंच वेत. गुरांचा डॉक्टर आला. त्यानं फक्त मान हलवली. पुढचं हुबर्टनं आम्हाला बघू दिलं नाही.

"घरी जा," तो म्हणाला. शिवी नाही, आवाज चढवला नाही. "दोघंही."

"हुबर्ट, चूक आमची..."

"रोपवे होता तेव्हा तुम्ही वरून यायचात. आरडाओरडा करत, दगडं उडवत. गुरांना कळायचं. मला कळायचं. आता खालून येता, चोरासारखे." एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या तोंडाशी एक अख्खं झाड आडवं पडलेलं होतं, फांद्यांसकट.

आमच्याकडे जनावर कापलं की नात्यात वाटा जातो. चार दिवसांनी हुबर्टकडून वाटा आला, कागदात बांधून, मार्येताच्या नावानं. तिनं गोलाश केला, मांसाचा तिखट रस्सा. पेप्रिका, कांदे, सगळं नेहमीचं. ताट समोर आलं आणि माझा हात उठेना.

"खा," मार्येता म्हणाली.

"जात नाहीये."

"त्यानं पाठवलंय ते तू बघत बसायला नाही पाठवलं. तो माझा भाऊ आहे. तू खाल्लं नाहीस तर मी त्याला काय सांगू, माझ्या नवऱ्यानं तुझी कालवड मारली आणि वर फेकूनही दिली?"

मी खाल्लं. घास घास करून खाल्लं, आणि शेवटी ब्रेडनं ताट पुसलं. चव उत्तम होती, तेच जास्त वाईट.

मग मी हुबर्टकडे गेलो. तो गोठ्यापुढं बसून गवत कापायच्या लांब विळ्याचं पातं हातोडीनं ठोकत होता. मी जवळ बसलो. आलुबुखाराच्या दारूची बाटली नेली होती, ती मधे ठेवली. तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"माझ्याकडची कालवड घे," मी म्हणालो. खरं तर माझ्याकडे कालवडी नव्हत्या. मला म्हणायचं होतं, आणून देतो.

"तुझ्याकडे कोंबड्या आहेत."

"आणीन कुठून तरी."

"ती आणशील. तिला ही वाट ठाऊक असेल? जी गेली तिच्या आईचाही जन्म माझ्याच हातून या गोठ्यात झालाय." तो ठोकत राहिला. "जा, त्सिरिल. माझं काम चाललंय."

मी बाटली तिथंच ठेवून आलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती तिथंच होती, तेवढीच भरलेली, तिच्यावर एक पाकोळी बसली होती.

पोलोनालाही तो आत घेईना. ती त्याच्या दारात दोनदा गेली. दोन्ही वेळा त्यानं कुत्रा बाहेर काढला. कुत्रा म्हातारा आहे, चावत नाही, पण अर्थ कळायचा तो कळला. सायकल माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकून होती. तिचा वाकडा झालेला दांडा मी सरळ केला आणि पुढं काही केलं नाही.

जुलैत गवत कापणी सुरू झाली. याव्रचच्या बाजूची कुरणं इतकी उभी आहेत की तिथं यंत्र चालत नाही. हातानं कापायचं, हातानं पसरायचं, हातानं ओढून खाली आणायचं. हुबर्टला मुलगा नाही आणि मजूर मिळत नाहीत. मार्येता मदतीला गेली ती संध्याकाळी सांगत आली, "पोलोना आली होती."

"आणि?"

"आणि काय. दाताळं घेऊन आली, टोकाला जाऊन गवत ओढायला लागली. त्यानं बघितलं. काही बोलला नाही."

"कुत्रा?"

"कुत्रा सावलीत झोपला होता."

ती दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. सकाळी कवळ्या, दुपारी गवत. हुबर्ट तिच्या बाजूनं जायचा, जणू तिथं झुडूप आहे. मग एक दिवस पाऊस येणार असं दिसलं आणि सगळ्यांची धावपळ उडाली. तेव्हा तो तिच्यापाशी थांबून म्हणाला, "वर उभी राहून ओढतेस म्हणून दमतेस. खाली उभी राहा, गवत आपणहून येतं." तिनं जागा बदलली. त्या दिवसापासून ती त्याला दिसायला लागली.

हे पुढचं मी स्वतः ऐकलं, कारण शेवटच्या दोन दिवसांत मलाही जावं लागलं. मार्येतानं पाठवलं, मेहुणा बोलत नसला तरी गवत वाट बघत नाही म्हणून. दुपारी सगळे झाडाखाली बसलो. ब्रेड, खारवलेली चरबी, सफरचंदाची आंबट दारू. हुबर्ट माझ्याकडे पाठ करून बसला होता.

"तुझी ती पोरं कुठं गेली?" त्यानं पोलोनाला विचारलं.

"कुठली?"

"चिखलातली."

"ऑस्ट्रियात जातात. तिकडे रोपवे चालू आहेत अजून."

हुबर्टनं चरबीचा तुकडा कापला, ब्रेडवर नीट ठेवला. "तिकडे विरजलेलं दूध मिळतं का?"

"मिळतं. पण प्लास्टिकच्या वाटीत. आणि वाढणारा हसतो."

"हसतो कशाला?"

"तेच ना."

हुबर्ट खाकरला. पोलोना शहाणी, तिनं पुढं काही विचारलं नाही. पण मला हुबर्ट ठाऊक आहे. माझं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतो. या वेळी तर गोष्ट खरोखरच दुधाची होती. त्याच्या खोपीतलं मोठं भांडं वर्षभर पालथं होतं. कालवडीचा राग खरा होता, पण तो त्याच्या आधीच्या एका रागावर येऊन बसला होता. रोपवे बंद करताना त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या बाकांवर आता फक्त कावळे बसत होते.

संध्याकाळी पोलोना शेडमध्ये आली. "काका, काढा ती मोटर. मला माझी सायकल परत हवी. वर चालत जाईन ढकलत, पण खाली येईन तर नीट येईन."

"रोज ढकलत? त्या गुडघ्यानं?"

"आठवड्यातून एकदा."

मी पाना हातात घेतला. मोटर काढायला जीव होत नव्हता, हेही खरं. मार्येता दारात उभी होती, शेंगा सोलत.

"मग हा ओढेल की तुला," ती म्हणाली.

"कोण?"

"हा. दुसऱ्या कुठल्या तरी सांगाड्यावर ती मोटर चढव आणि दोर लावून एकेकाला वर ने. आयुष्यभर दुसरं काय केलंस?"

तिनं शेंगांचं भांडं उचललं आणि आत गेली.

सायकलवाल्यांच्या क्लबच्या शेडमध्ये एक जुनी उताराची सायकल पडून होती. पुढचा शॉकअप गळका, रंग उडालेला, पण सांगाडा धड. पोलोनाच्या सायकलवरचं सगळं आम्ही जसं चढवलं होतं तसं उतरवलं. पट्टे सोडले, पट्ट्या काढल्या, फुगीर डबा काढला. भोक कुठंच नव्हतं, म्हणून खूण राहिली नाही. मग तेच सगळं जुन्या सांगाड्यावर. डबा तिथंही बसेना, पुन्हा पत्रा वाकवला. या वेळी वेगाचं गणित उलटं मांडलं. मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये मी वरचा वेग पंचविसाला बांधून टाकला आणि चढावर हळू चालताना मोटर भाजू नये म्हणून तिच्या झाकणाला वारा घेणारी भोकं पाडली. पोलोना बाजूला बसून बघत होती. ऐंशी गेल्याचं तिला वाईट वाटलं असणार. एकदा म्हणाली, "गिरणीच्या रस्त्यावर शेवटचं एकदा..." आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे."

दोराचं टोक मागच्या माणसानं बांधायचं नाही, हँडलला एक वेढा घेऊन हातात धरायचं. पडला तर हात सुटतो, दोर सुटतो. हे आम्ही गाडीतळावर पुन्हा पुन्हा करून बघितलं. पोलोना मुद्दाम पडायची. मी प्रत्येक वेळी थांबून मागं बघायचो.

मग हुबर्ट. त्याला सांगायला मार्येता गेली, मी सोबत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग बहिणीकडे बघत, मी दोन हातांच्या अंतरावर उभा असताना, म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या ट्रॅक्टरपेक्षा जोरात चालवायची नाही."

"ऐकलंस?" मार्येतानं मला विचारलं.

"ऐकलं."

"ऐकलं म्हणतोय," तिनं त्याला सांगितलं.

"आणि गळ्यात घंटा बांधायची. सायकलच्या, त्याच्या नव्हे. त्याच्या बांधली तरी चालेल. गुरं रस्त्यावर असतील तर थांबायचं, उतरायचं आणि उभं राहायचं."

"ऐकलं म्हणतोय."

"आणि ती पोरगी काय करेल?"

"ती खाली जाईल," मार्येता म्हणाली. "तिला तेवढंच करायचंय."

हुबर्टनं दुसऱ्या दिवशी झाड बाजूला ओढलं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पोलोनानं तिच्या ओळखीतली पाचसहा पोरं बोलावली. बाप्ये झालेत आता, पण मला पोरंच. एकेकाला मी वर नेलं. घंटा खणखणत, दोर ताणलेला, मागचा माणूस पेडल मारल्याचं नाटक करतोय. गुरं एकदा समोर आली. मी उतरलो, सायकल धरून उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं, घंटेकडे बघितलं, त्यांना काही विशेष वाटलं नाही. सगळ्या गेल्यावर निघालो.

पोलोना शेवटी आली. वर पोचल्यावर तिनं दोर सोडला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या क्षणभर खाली बघितलं. मग गेली. पहिल्या वळणावरच्या मुळांवरून तिनं जी उडी मारली ती मी या आधी पुष्कळदा खुर्च्यांखालून बघितली होती. सायकल हवेत असताना तिनं ती आडवी केली आणि परत सरळ केली, जणू चादर झटकतेय. खालून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. हुबर्ट खोपीच्या दारात उभा होता, हातात पळी.

"कळलं बघ," तो हवेत बोलला. "येतायत म्हणून कळलं."

दुपारी सगळे वर परत आले, चिखलानं माखलेले. बाकं भरली. हुबर्टनं वाट्या मांडल्या, भरल्या, उकडीवर चरबीची फोडणी ओतली. पोलोनापुढं वाटी ठेवताना तिच्या कोपरावरच्या नव्या गुलाबी कातडीकडे बघितलं आणि वाटीत अजून एक पळी घातली. कालवडीचं नाव कोणी काढलं नाही. तिनंही नाही, मीही नाही. मला वाटतं ते नाव आम्ही पुढंही कधी काढणार नाही. वळणावरून जाताना मी अजूनही बांधाकडे बघत नाही.

मी एका बाजूला उभ्यानंच खात होतो. हुबर्ट भांडं रिकामं करून बाहेर आला, अंगरख्याला हात पुसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"मीठ संपलंय," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला घेऊन ये."

"किती?"

"एक पिशवी. आणि जाडं आण, बारीक नको. बारीक मीठ गुरं चाटत नाहीत."

मी वाटी ठेवली, सायकल वळवली आणि घंटा वाजवत मीठ आणायला खाली निघालो.